तोंड नसलेला प्राणी

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त सभासद भगिनींच्या भाषणांचा जो कार्यक्रम झाला, त्यात वाचलेले भाषण.)



आपल्या मंडळात आजवर पाककृती, बालसंगोपन, बचत, तीर्थयात्रा अशा विषयांवर पुष्कळ भाषणे झाली. मी बोलायला उभी राहणार म्हटल्यावर बऱ्याच जणींना वाटले असेल, की ही लोणच्यांवर बोलणार. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आमच्या गावात शाळाच तेवढी होती आणि पुढे तालुक्याला पाठवायची घरच्यांची तयारी नव्हती. अशा बाईने प्राणिशास्त्रावर बोलावे हे धाडसच आहे. पण हा विषय मी शोधायला गेले नाही, तो आमच्या घरी चालत आला. कसा आला ते आधी सांगते.

२०२१ साली माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. मुंबईच्या इस्पितळात बहिणीसोबत मी आळीपाळीने राहत असे. एके दिवशी सलाईनमधून त्याला औषध चालले होते. माझी थोरली मुलगी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते, ती भेटायला आली होती. तिने बाटलीवरचे नाव वाचले, सायटाराबिन, आणि म्हणाली, "आई, या औषधाची पहिली वाट स्पंजाने दाखवली." मी म्हटले, "कुठल्या स्पंजाने? भांडी घासायच्या?" ती हसली. म्हणाली, "स्पंज हा प्राणी आहे, आई. समुद्रातला."

मैत्रिणींनो, माझा विश्वास बसेना. पण इस्पितळात वेळ जाता जात नाही, हे ज्यांनी आपले माणूस तिथे ठेवले आहे त्यांना ठाऊक आहे. मुलीची पुस्तके इंग्रजी, म्हणून मी धाकट्याचे दहावीचे मराठी पुस्तक मागवून घेतले आणि अडले तिथे मुलीला विचारीत गेले. त्यातून जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवते.

हे पहा, येताना मी दोन वस्तू आणल्या आहेत. हा भांडी घासायचा स्पंज आणि ही वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, जिने आपल्या आज्या अंग घासत. यांतला एकही खरा स्पंज नव्हे. पहिला कारखान्यात होतो, दुसरी वेलीवर होते. खरा स्पंज समुद्राच्या तळाशी खडकाला चिकटून राहतो. काही थोड्या जाती नदीत, तळ्यांत सापडतात. आजवर नऊ हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. त्याला हात नाहीत, पाय नाहीत, डोळे नाहीत, रक्त नाही, मेंदू नाही, मज्जा नाही, पोट नाही आणि तोंडसुद्धा नाही. मग त्याला प्राणी म्हणायचे कशावरून?

ते समजण्यासाठी आधी प्राण्यांची शरीरे कशी बेतलेली असतात ते पाहू. शिवणकाम येणाऱ्या भगिनींना हे लवकर कळेल. कापड हजार तऱ्हेचे असले तरी बेत ठरावीक असतात. तसेच पृथ्वीवर प्राण्यांच्या लाखो जाती असल्या तरी त्यांच्या शरीरांचे मुख्य बेत सुमारे ३५ आहेत. शास्त्रात त्यांना संघ म्हणतात. बेत ओळखण्यासाठी शास्त्रज्ञ चार प्रश्न विचारतात.

पहिला प्रश्न, शरीर कापले तर दोन सारखे भाग होतात का? मोदक डोळ्यांसमोर आणा. वरच्या टोकातून कोणत्याही बाजूने उभा कापा, दोन भाग सारखे. जेलीफिश, हायड्रा यांची शरीरे अशी असतात. याला अरीय सममिती म्हणतात. त्यांना पुढे-मागे नसते, चहूबाजूंनी सारखेच. आता बांगडा घ्या. ज्या मासे खात नाहीत त्यांनी झुरळ आठवावे. डोक्यापासून शेपटीपर्यंत मधोमध एकाच रेघेवर कापले तरच डावा आणि उजवा भाग सारखे होतात. ही द्विपार्श्व सममिती. आपण याच जातकुळीतले. ज्याला एका दिशेने चालायचे आहे त्याला पुढचे टोक लागते. पुढे डोळे, पुढे तोंड आणि त्यांच्याजवळच मेंदू, असा तो बेत आहे. तिसरा प्रकार कांदाभजीचा. कुठूनही कापा, सारखे भाग होणारच नाहीत. बहुतेक स्पंज या कांदाभजीसारखे. काही मात्र सुरईसारखे नीटस असतात.

दुसरा प्रश्न, शरीर किती थरांचे? बाळ पोटात आकार घेऊ लागते तेव्हा आधी त्याच्या पेशींचे थर पडतात. आपल्याला तीन थर. बाहेरच्या थरातून कातडी आणि मेंदू होतो, आतल्यातून आतड्याचे अस्तर, आणि मधल्यातून स्नायू, हाडे, रक्त. जेलीफिशला दोनच थर.

तिसरा प्रश्न, आत पोकळी आहे का? परकराचा नेफा आणि त्यातली नाडी आठवा. नेफा म्हणजे शरीराची भिंत, नाडी म्हणजे आतडे, आणि दोहोंमधली मोकळी जागा म्हणजे देहगुहा. ही जागा असल्यामुळे नेफा स्थिर राहून नाडी सरकते. म्हणजे आपण स्वस्थ झोपलो तरी आतडे आपले काम करीत असते. गांडुळाला आणि आपल्याला ही गुहा आहे. चपट्या कृमींना नाही, ते उशीसारखे आतून भरलेले. मुलांच्या पोटात होणारे जंत मधले आहेत. त्यांना पोकळी आहे, पण तिला अस्तर एकाच बाजूने.

चौथा प्रश्न, शरीराचे खंड पडलेले आहेत का? गांडुळाची वलये, कोळंबीच्या अंगावरचे तुकडे पाहिले म्हणजे हे समजते. आपल्या पाठीच्या मणक्यांतही ही खंडांची खूण उरली आहे.

आता हेच चार प्रश्न स्पंजाला विचारा. सारखे भाग? बहुधा नाहीत. खरे थर? नाहीत. देहगुहा? नाही. खंड? नाहीत. परीक्षेत मुलाने असा पेपर दिला तर आपण त्याला नापास म्हणू. पुस्तकातही स्पंजाचा नंबर खालून पहिला. पण तो जगतो कसा हे वाचल्यावर माझे मत बदलले.

स्पंजाचे सारे अंग भोकांनी भरलेले असते. म्हणूनच या संघाचे नाव रंध्रीय. बारीक भोकांतून पाणी आत येते, आतल्या वाटांतून फिरते आणि एका मोठ्या तोंडासारख्या भोकातून बाहेर जाते. तोंडासारखे म्हटले, पण खाणे त्यातून आत जात नाही, पाणी तेवढे बाहेर पडते. आपल्या उलट कारभार! आत भिंतीला विशेष पेशी असतात. त्यांना कॉलर पेशी म्हणतात, कारण प्रत्येकीच्या माथ्यावर बारीक झालरीची गळपट्टी असते आणि तिच्या मधोमध चाबकासारखा एक केस. तो केस सारखा हलतो. अशा असंख्य पेशींचे केस हलले म्हणजे पाण्याला ओढ लागते. पाण्यातले जिवाणू झालरीत अडकतात आणि पेशी ते गिळते. पाण्याबरोबरच प्राणवायू येतो आणि जाताना घाणही तेच पाणी घेऊन जाते. म्हणजे स्वयंपाकघर, खिडकी आणि मोरी, तिन्ही कामे एका पाण्यावर भागतात.

हे काम लहान नाही. १० सेंटिमीटर उंच आणि १ सेंटिमीटर जाड, म्हणजे आपल्या करंगळीहून थोड्या लांब अशा एका स्पंजाचे मोजमाप पुस्तकात दिले आहे. तो दिवसाला साडेबावीस लिटर पाणी गाळतो. एवढे जमते कारण आतील भिंतीला चुण्या असतात. साध्या स्पंजात आत एकच पोकळी, त्याहून पुढच्यात तिच्या भिंतीला घड्या, आणि सर्वांत पुढच्यात लाखो लहान लहान कोठड्या. साडीला निऱ्या घातल्या म्हणजे थोड्या जागेत पुष्कळ कापड मावते, तीच युक्ती.

बाहेरच्या बाजूला चपट्या पेशी फरशीसारख्या बसवलेल्या. बाहेरच्या आणि आतल्या पेशींमध्ये खळीसारखा पदार्थ असतो आणि त्यात काही पेशी मोकळ्या हिंडत असतात. कॉलर पेशींनी पकडलेले अन्न त्या घरोघर पोहोचवतात, आणि गरज पडली तर स्वतःचे रूप पालटून दुसऱ्या पेशींचे काम अंगावर घेतात. आपल्यापैकी कितीजणींना हे वर्णन ओळखीचे वाटेल!

अंग कोसळू नये म्हणून आत आधार असतो. काही जातींत चुन्याच्या सुया, काहींत काचेच्या, म्हणजे वाळू ज्या द्रव्याची होते त्याच्या, आणि काहींत रेशमासारख्या धाग्यांची जाळी. धाग्यांची जाळी असलेला तो अंघोळीचा स्पंज. जिवंत भाग काढून टाकून धुतला की जाळी उरते, ती लोक वापरतात. ग्रीस देशात कालिम्नोस नावाचे बेट आहे. तिथल्या पुरुषांचा पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा, समुद्रात बुडी मारून स्पंज आणायचे. १८६० च्या दशकात तिथे पाणबुड्याचा पोशाख आला. त्यामुळे खोल जाता येऊ लागले, पण खालून वर येण्याची घाई केल्याने कितीतरी जण लुळे झाले, कितीतरी मेले. श्रीमंतांच्या न्हाणीघरातल्या एका स्पंजामागे अशी एखादी बाई किनाऱ्यावर वाट पाहत उभी असे.

काचेच्या सुयांचा एक फार सुंदर स्पंज खोल समुद्रात असतो, विणलेल्या परडीसारखा. लहानपणीच झिंग्यांची एक जोडी त्यात शिरते, वाढते, आणि मग जाळीतून बाहेर पडता येत नाही म्हणून जन्मभर तिथेच राहते. जपानात हा वाळलेला स्पंज लग्नाच्या आहेरात देण्याची चाल होती. ती परडी आहेरात घेताना त्या नवऱ्या मुलीच्या मनात काय येत असेल, याचा विचार तुम्हीच करा.

स्पंज हा प्राणी आहे हे लोकांना पुष्कळ काळ पटत नव्हते, पुष्कळजण त्याला वनस्पती समजत. एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रँट नावाच्या डॉक्टरने १८२५ च्या सुमारास एक लहानसा स्पंज समुद्राच्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मोठ्या भोकातून पाण्याची धार सारखी बाहेर पडताना त्याला दिसली, कण उडवीत. तेव्हापासून त्या भोकांचा अर्थ लागला.

आपल्या मुलखाचाही यात वाटा आहे. हेन्री कार्टर नावाचे एक इंग्रज डॉक्टर मुंबईत नोकरीला होते. त्या वेळी शहरात जागोजागी तलाव असत. धोबीतलाव, गवालिया टँक ही नावे आज उरली आहेत, तलाव बुजले. मुंबईच्या तलावांतल्या स्पंजांवर कार्टरसाहेबांनी अभ्यास केला आणि १८४८ साली त्यांचा लेख विलायतेत छापून आला. गोड्या पाण्यातल्या एका स्पंजाला पुढे त्यांचेच नाव मिळाले. उन्हाळ्यात तलाव आटला की स्पंज मरतो, पण मरण्याआधी तो मोहरीहून बारीक अशा कठीण कवचाच्या गोळ्या करून ठेवतो. पावसाचे पाणी आले की त्या गोळ्यांतून पेशी बाहेर पडतात आणि नवा स्पंज उभा राहतो. आपण बियाणे राखेत घालून ठेवतो त्यातलाच प्रकार.

पण मला सर्वांत जास्त नवल वाटले ते पुढच्या गोष्टीचे. १९०७ साली अमेरिकेत विल्सन नावाच्या प्राध्यापकांनी एक जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला, आपण चक्का पिळतो तसा. खाली भांड्यात सुट्या पेशींचा गढूळ रस पडला. आपण डाळ शिजवून पुरणयंत्रातून काढली तर पुरणाची पुन्हा डाळ होत नाही. पण इथे त्या सुट्या पेशी तळाशी सरपटू लागल्या, एकमेकींना शोधून बिलगल्या, आणि काही दिवसांत पुन्हा भोके, वाटा, कोठड्या असलेला स्पंज तयार झाला. पुढे दोन निराळ्या जातींचे रस एकत्र करून पाहिले, तेव्हा पेशींनी आपापली जात ओळखून वेगवेगळे पुंजके केले.

हे मी इस्पितळातल्या बाकावर बसून वाचले. आत माझा भाचा होता. डॉक्टरांनी आम्हाला सांगितले होते, की याच्या रक्तातल्या काही पेशी आपले काम विसरल्या आहेत. त्या थांबत नाहीत, वाढतच जातात आणि चांगल्या पेशींची जागा अडवतात. एकीकडे मेंदू नाही, हृदय नाही असा प्राणी. त्याला गाळून काढले तरी त्याच्या पेशी आपली जागा विसरत नाहीत. आणि दुसरीकडे आमचे सर्व अवयव धडधाकट असलेले हुशार पोर. त्या दिवसापासून मी स्पंजाला खालचा प्राणी म्हणणे सोडले.

आता औषधाचे सांगते. स्पंज पळू शकत नाही, चावू शकत नाही. मग तो स्वतःला राखतो कसा? अनेक स्पंज अंगात कडू, विषारी रसायने तयार करतात, म्हणजे कोणी तोंड लावत नाही. अमेरिकेतल्या बर्गमन नावाच्या रसायनशास्त्रज्ञांना फ्लोरिडाच्या समुद्रातल्या एका स्पंजात काही चमत्कारिक द्रव्ये सापडली. १९५१ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. पेशी आपली प्रत काढताना जे मणी ओवते, तसेच हे मणी दिसत होते, फक्त त्यांतली साखर निराळी होती. त्यावरून शास्त्रज्ञांना कल्पना सुचली. १९५९ साली त्याच धर्तीवर प्रयोगशाळेत सायटाराबिन तयार झाले आणि १९६९ साली अमेरिकेत रक्ताच्या कर्करोगावर त्याला मान्यता मिळाली. म्हणजे आज बाटलीत असतो तो स्पंजाचा अर्क नव्हे. स्पंजाकडून नमुना घेतला आणि माल माणसाने केला.

हे औषध करते काय? पोत ओवताना मध्ये एखादा खोटा मणी आला आणि त्याच्यापुढे दोरा सरकेना, तर पोत तिथेच अडते. भराभर वाढणारी रोगी पेशी हा खोटा मणी खरा समजून ओवते आणि तिची वाढ खुंटते. पण शरीरात भराभर वाढणाऱ्या चांगल्या पेशीही असतात, रक्त तयार करणाऱ्या, तोंडातल्या, केसांच्या मुळाशी असलेल्या. त्यांनाही तडाखा बसतो. म्हणून त्याचे केस गेले आणि तोंड इतके आले, की पेजसुद्धा उतरेना. बहीण घाबरून म्हणाली, "ताई, औषधच याला खाते आहे." तेव्हा मी तिला हा मण्याचा दाखला सांगितला. डॉक्टरांनी सांगितले नव्हते असे नाही, पण त्यांची भाषा तिला कळत नव्हती. माझी कळली. ती रडायची थांबली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तिने प्रत्येक औषधाचे नाव वहीत लिहायला आणि सिस्टरांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. मैत्रिणींनो, माझ्या सातवीचे एवढे मोठे चीज पूर्वी कधी झाले नव्हते.

उपचार अडीच वर्षे चालले. अर्थात तेवढ्या एका औषधावर नव्हे, इतरही पुष्कळ औषधे होती. २०२४ साली ती सर्व थांबली. आता तपासणीला जावे लागते, पण पोर शाळेत जाते आणि आईला पूर्वीसारखेच छळते.

गेल्या उन्हाळ्यात ती दोघे आमच्याकडे आली होती. गावाबाहेरचे तळे आटले होते. काठच्या एका बुडक्या फांदीवर वाळलेला करडा खपला होता. मुलीने तो काढून कॉलेजात नेला. तिच्या प्राध्यापकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितले, की हा गोड्या पाण्यातला स्पंजच आहे आणि यात त्या गोळ्या आहेत. इतकी वर्षे आम्ही त्या तळ्यावर जात होतो आणि तो आमच्या शेजारीच राहत होता! मुलीने थोड्या गोळ्या काचेच्या बरणीत तळ्याच्या पाण्यात ठेवल्या. भाचा रोज सकाळी उठून आधी बरणी पाही. आठवड्याने काचेवर पांढरे ठिपके चिकटलेले दिसले, साबुदाण्याच्या कणीएवढे. मुलीने भिंग दिले. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "मावशी, याला सांग, आपली ओळख आहे."

भगिनींनो, बोलण्याच्या भरात वेळ पुष्कळ झाला.  आमच्या घरातली ती दहावीची पुस्तके मी मंडळाच्या कपाटात आणून ठेवली आहेत. ज्यांना वाचावीशी वाटतील त्यांनी न्यावी. अडले तर माझ्याकडे यावे, आणि मला नाही समजले तर दोघी मिळून माझ्या मुलीला विचारू.